साथीचा रोगी न्यावयाचा कोणी आणि कसा?

पूर्वी पटकीची साथ आली की गावोगाव मरीआईचा गाडा निघत असे. लहानसा लाकडी गाडा, त्यात देवी, हिरवी चोळी-बांगडी, लिंबे, नारळ. वाजतगाजत तो शिवेपर्यंत ओढत न्यावयाचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत ढकलून माघारी यावयाचे. म्हणजे रोगराई गावाबाहेर गेली! पलीकडच्या गावाला सकाळी गाडा दिसला की त्या गावानेही तेच करावे, तो तिसऱ्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडावा. असा गाडा फिरत राही आणि पटकीही फिरत राही. कारण ती गाड्यात बसलेली नव्हतीच, ती विहिरीच्या आणि ओढ्याच्या पाण्यात होती.

आज शिकलेली मंडळी या रिवाजाला हसतात. हसू द्या. परंतु आमचा त्यांस एक सवाल आहे. तापाने फणफणलेला, रक्ताची उलटी करणारा अगर श्वासाला धडपडणारा रोगी गावच्या दवाखान्यात येतो. तेथला डॉक्टर चिठ्ठी लिहितो, 'तालुक्याला न्या.' तालुका चिठ्ठी लिहितो, 'सिव्हिलला न्या.' सिव्हिल म्हणते, 'पुण्याला न्या, मुंबईला न्या.' कोणत्या गाडीतून न्यावे, सोबत कोणी बसावे, बसणाराने अंगावर काय घालावे, पुढच्या दवाखान्यास आधी कळविले आहे की नाही, यांतील एक अक्षरही त्या चिठ्ठीवर नसते. रोगी आमच्या हद्दीतून गेला, की झाले! मग ही चिठ्ठी आणि मरीआईचा गाडा यांत फरक तो कोणता? गाड्यात निदान जिवंत माणूस तरी नसे.

या आठवड्यात आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस वाटते की औषधोपचार म्हणजे डॉक्टर, सुई आणि बाटली. घरापासून खाटेपर्यंतचा जो रस्ता आहे तो उपचारात कोणी धरीत नाही. आमचे म्हणणे असे की तो रस्ता हाही उपचारच होय. आणि त्या रस्त्यावर रोग्याबरोबर जो चालतो, गाडी हाकतो, झोळी खांद्यावर घेतो, त्याच्या जिवाचा बंदोबस्त आधी ठरवून ठेवला नसेल तर एका रोग्याचे चार रोगी व्हावयास वेळ लागत नाही.

दूर कशाला जावयाचे? आपल्याच घरातली गोष्ट आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला आणि पाहता पाहता तो पुण्यास पोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत, ९ तारखेस, गिरणी कामगारांचे पुढारी आणि 'दीनबंधु' चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे प्लेगाने गेले. रोग्यांची शुश्रूषा करताना त्यांस तो जडला. पुरता महिना झाला नाही तोच मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाचे दहा वर्षांचे पोर प्लेगाने पडले. सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. त्यांनी ते पोर आपल्या पाठीवर घेतले आणि हडपसरजवळ त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंतराव यांच्या दवाखान्यात नेऊन पोचविले. पोर वाचले. सावित्रीबाईंस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

दरवर्षी १० मार्चला आपण त्यांच्या तसबिरीस हार घालतो, भाषणे करतो, आणि घरी जातो. हार घालावा, त्यास आमचे काही म्हणणे नाही. पण त्या दिवशी मुंढव्याहून हडपसरपर्यंत पोर न्यावयास सहासष्ट वर्षांच्या बाईची पाठ का लागावी, हे कोणी विचारीत नाही. गाडी नव्हती का? पुण्यात घोडागाड्या होत्या, बैलगाड्या होत्या. परंतु महारवाड्यात शिरून तापलेले पोर उचलील असा हात नव्हता. आणि पुढे त्या साथीत सरकारी गाडी दिसली की लोक रोग्यास माळ्यावर, कोठारात, शेतातल्या गवताच्या गंजीत लपवीत. का लपवीत? कारण ती गाडी घेऊन येणारा सोजीर दार ढकलून घरात शिरे, बायाबापड्यांची तपासणी उघड्यावर होई, घरातले सामान रस्त्यावर फेकून जाळीत, आणि गाडीत घातलेला माणूस कोठे नेला हे घरच्यांस सांगावयास कोणी नसे. मुंबईत तर १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावरच हल्ला केला होता. त्यांस अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. रोग्यास चोरासारखे नेले तर लोक त्यास चोरीच्या मालासारखे लपविणारच. लपविलेला रोगी घरातल्या घरात रोग वाटीत राहतो. नेणाराची वागणूक हीदेखील साथ आटोक्यात आणण्याचे एक साधन आहे, हे त्या वेळच्या अंमलदारांस शेवटपर्यंत उमजले नाही.

दुसरेही ध्यानात ठेवावे. प्लेग माणसास मुख्यत्वे दोन वाटांनी गाठतो. उंदराच्या अंगावरच्या पिसवा चावून, आणि तो फुप्फुसात उतरला असेल तर खोकल्याच्या तुषारांतून. पिसवांची ही गोष्ट पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखविली ती १८९८ साली, म्हणजे सावित्रीबाई गेल्यानंतर. तेव्हा पोराचे कपडे बदलावेत, त्यास धुतलेल्या चादरीत गुंडाळावे, आपल्या तोंडास फडके बांधावे, हे सांगणारे शास्त्रच हाताशी नव्हते. आज ते आहे. आज प्लेगावर औषधेही आहेत. मग आजही कोणाच्या तरी पाठीवर आणि कोणाच्या तरी पुण्याईवर रोगी नेण्याची पाळी आली तर तो दोष शास्त्राचा नव्हे, आपल्या कारभाराचा होय.

कोणी म्हणेल, 'ह्या शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या गोष्टी झाल्या.' बरे तर, अलीकडची ऐका. ती आफ्रिका खंडातील लायबेरिया देशाची आहे, परंतु मुंढव्याच्या गोष्टीशी तिचे इतके साम्य आहे की ती सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. २०१४ साली तेथे इबोला नावाच्या तापाची साथ होती. हा रोग हवेतून सहसा जात नाही. रोग्याचे रक्त, उलटी, जुलाब, घाम यांच्या स्पर्शाने जातो, आणि रोगी जितका अत्यवस्थ तितका तो अधिक लागतो. सप्टेंबर महिन्यात मन्रोव्हिया शहरातल्या एका वस्तीत एक गरोदर मुलगी अत्यवस्थ झाली. ॲम्ब्युलन्स मिळेना. शेजाऱ्यांनी तिला उचलून टॅक्सीत घातले, दवाखान्यात नेले. तेथे जागा नव्हती. परत आणले, पुन्हा उचलून घरात ठेवले, आणि काही तासांत ती गेली. उचलणारांतील एक शेजारी चार दिवसांनी विमानाने अमेरिकेत आपल्या माणसांकडे गेला. त्यास तेथे इबोला उमटला आणि ८ ऑक्टोबरला तोही मेला. त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांस रोग लागला. सुदैवाने त्या वाचल्या.

आता त्याच साथीतील दुसरी बाजू पाहा. लायबेरियात काम करणारा एक अमेरिकन डॉक्टर इबोलाने पडला. त्यास त्याच वर्षीच्या ऑगस्टात खास विमानाने अटलांटा येथे नेले. विमानात प्लॅस्टिकचा तंबू, तंबूत रोगी, सोबतच्यांच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोशाख, विमानतळावर तयार गाडी, इस्पितळात वर्षानुवर्षे सराव करून ठेवलेली निराळी खोली. डॉक्टर वाचला आणि तेथे त्याची सेवा करणाऱ्या एकाही माणसास रोग लागला नाही. एकाच साथीत एकास विमान आणि एकीस परतीची टॅक्सी! आम्ही विमान मागत नाही. दाखवावयाचे एवढेच की रोग तोच, विषाणू तोच. फरक पडला तो आधी करून ठेवलेल्या तयारीने.

आणि पैसा आहे तेथे तयारी असतेच असेही नव्हे. तो जो शेजारी अमेरिकेत मेला, त्यास ज्या ॲम्ब्युलन्सने इस्पितळात नेले ती गाडी पुढे दोन दिवस इतर रोग्यांस नेण्यास वापरात होती! रोगी लायबेरियाहून आला आहे ही एक बातमी वेळेवर ह्या कानाची त्या कानास कळली नाही. सगळी यंत्रे होती, एका वाक्याची उणीव होती.

आपल्या देशात केरळात कोळिकोड जिल्ह्यात २०१८ च्या मे महिन्यात निपा ताप आला. हा विषाणू फळे खाणाऱ्या वटवाघळांत असतो. पहिला रोगी आधी पेरांब्रा येथील तालुक्याच्या दवाखान्यात, तेथून कोळिकोडच्या मोठ्या इस्पितळात गेला. तेथे तपासणीचा फोटो काढण्यासाठी त्यास बोळात थांबावे लागले. त्या बोळात बसलेल्या, त्याच्याजवळून गेलेल्या पुष्कळांस ताप जडला. त्या साथीत १७ जण दगावले. पेरांब्र्याच्या दवाखान्यात त्याची शुश्रूषा करणारी लिनी पुतुश्शेरी ही तरुण परिचारिका, दोन लहान पोरांची आई, २१ मे रोजी गेली. पाहा, की ने-आण म्हणजे केवळ गाडीचा प्रवास नव्हे. खाटेपासून फोटोच्या खोलीपर्यंतचे पन्नास पावलांचे अंतरसुद्धा ने-आणच. आणि ते कोणत्या वेळी, कोणत्या दाराने, बोळ रिकामा करून की भरलेल्या बोळातून, हे कोणी तरी आधी ठरवावयास पाहिजे.

शेतकऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे असा एक ताप आहे. त्याचे नाव लांबलचक आहे, क्रिमियन-काँगो. तो गुराढोरांच्या अंगावरच्या काही जातींच्या गोचिडांपासून येतो. गोचीड हाताने चिरडला, कापलेल्या जनावराचे ताजे रक्त अंगावर उडाले, तरी तो माणसास होऊ शकतो. २०११ च्या जानेवारीत गुजराथेत साणंदजवळच्या कोलाट गावची एक बाई या तापाने गेली. पाठोपाठ तिच्यावर उपचार करणारा डॉक्टर गेला आणि परिचारिकाही गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने तो रोग ओळखला, तेव्हा आपल्या देशात तो माणसांत आहे हे प्रथम सिद्ध झाले. गोठा ज्याच्या घरी आहे त्याच्या दारातून हा प्रश्न फार लांब नाही.

इतके वाचून कोणाची घाबरगुंडी उडाली असेल तर तीही नको. प्रत्येक ताप असा नसतो. सिंधुदुर्गात २०१६ पासून जो माकडताप दिसला तो गोचिडापासून होतो खरा, परंतु एका माणसापासून दुसऱ्यास होत नाही. मलेरिया व डेंग्यू डासांवाचून पसरत नाहीत. अशा रोग्यास गाडीत घेऊन बसावयास काही भय नाही. त्यास वाळीत टाकणे हे पाप आहे आणि मूर्खपणाही आहे. जपावयाचे ते दोन तऱ्हांचे. क्षय, गोवर, कोरोना, फुप्फुसाचा प्लेग हे श्वासाने जाणारे. आणि इबोला, निपा, क्रिमियन-काँगो हे मुख्यतः रक्त, उलटी, थुंकी यांच्या स्पर्शाने जाणारे, ज्यांत निपासारखा एखादा जवळून खोकल्यानेही जातो. पटकी हगवण-उलटीतून पाण्यात व हातावाटे तोंडात जाते. कोणता ताप हे आधी ठाऊक नसेल तर दोन्ही तऱ्हांची काळजी घ्यावी.

आता रोगी प्रत्यक्ष न्यावयाचा कसा, ते सांगतो. हे गुपित नाही.

गाडी दारात येण्यापूर्वी फोन झाला पाहिजे. जेथे नेणार तेथे विचारावे: जागा आहे काय? कोणत्या दाराने आणू? उतरवून घ्यावयास कोण उभे राहील? उत्तर येईपर्यंत आणि रोग्याची तातडी नसेल तोपर्यंत त्यास हलवू नये. दहा मिनिटांचा हा फोन मन्रोव्हियाच्या त्या मुलीसाठी कोणी केला असता तर माणसांनी तिला दोनदा उचलले नसते. रोगी कोठून आला, काय धंदा करतो, घरी आणखी कोणास ताप आहे काय, गोठ्यात जनावर मेले आहे काय, हेही त्याच फोनवर सांगावे. चिठ्ठीवर लिहावे ते निराळे; चिठ्ठी वाटेत हरवते.

रोग्यास श्वास घेववत असेल तर त्याच्या तोंडानाकास साधा मास्क लावावा. सोबत्याने जाड, नाकास घट्ट बसणारा, ज्यास एन-९५ म्हणतात तो लावावा. गाडी हाकणारा आणि रोगी यांच्यामध्ये आडपडदा असावा. मोठ्या ॲम्ब्युलन्सात तो असतो, जीप-टेंपोत नसतो. तेथे गावच्या सुताराने लाकडी चौकट करून तीवर जाड पारदर्शक प्लॅस्टिक ठोकले तरी पुष्कळ काम भागते. खिडक्या उघड्या. थंड हवेचे यंत्र असेल आणि ते आतलीच हवा फिरवीत असेल तर ते बंद. मागे हवा बाहेर फेकणारा पंखा असेल तर तो चालू, म्हणजे वारा हाकणाऱ्याकडून रोग्याकडे आणि तेथून बाहेर जाईल. उलट वाहू देऊ नये. गाडीत रोग्याजवळ एकच माणूस. आपल्याकडे एक आजारी पडला की आठ जण गाडीत चढतात आणि चार जण मागून मोटरसायकलीवर येतात. प्रेमापोटी येतात हे आम्ही जाणतो, परंतु हे प्रेम साथीत महाग पडते. लेकरू आजारी असेल तर आईस मात्र दूर करू नये. तिला मास्क, हातमोजे, अंगरखा द्यावा, ते काढावयाचे कसे हे शिकवावे आणि जवळ बसू द्यावे. आईवेगळे रडणारे पोर हातपाय झाडते, मास्क ओढते, त्यात सगळ्यांचाच धोका वाढतो.

उलटी-जुलाबासाठी झाकणाची बादली व जाड पिशव्या गाडीत आधीच ठेवाव्यात. सांडले तर वर जुने फडके टाकून त्यावर ब्लीचिंग पावडरीचे पाणी ओतावे, लिटरभर पाण्यात सुमारे ३० ग्रॅम ताजी पावडर. निदान दहा मिनिटे तसेच राहू द्यावे, मग पुसावे. हे पाणी रोज ताजे करावे, आणि त्यात फरशी धुण्याचे आम्ल कदापि मिसळू नये. विषारी वायू होतो. वाटेत चहासाठी थांबणे नाही, दुसरे गिऱ्हाईक घेणे तर नाहीच नाही.

रोगी उतरविला म्हणजे काम संपले असे वाटते. खरा धोका तेव्हाच सुरू होतो. थकलेला माणूस घाईने हातमोजे ओढतो, त्याच हाताने घाम पुसतो, आणि घात होतो. अंगावरचे काढावयाचे ते सावकाश, ठरल्या क्रमाने, मधूनमधून हात धुऊन, आणि जवळ कोणी तरी पाहत असताना. मास्क अगदी शेवटी. मग गाडी धुवावी, उन्हात दारे उघडी टाकून वाळवावी. आणि एका वहीत त्या फेरीत कोण कोण होते त्यांची नावे लिहावीत. पुढे चाचणीत रोग पक्का ठरला तर ह्या सगळ्यांस त्याच दिवशी कळविता येते. त्यांस घरी बसवावयाचे तर त्या दिवसांची मजुरी भरून देता येते. मजुरी भरून दिल्यावाचून 'घरी बसा' म्हणणे म्हणजे 'उपाशी बसा' म्हणणे आहे.

हे ओझे आहे कोणाच्या खांद्यावर, ते आता सांगितले पाहिजे. जुन्या गावगाड्यात मेलेले ढोर ओढावयाचे, मर्तिकाचा सांगावा परगावी पोचवावयाचा, ही कामे महारावर जन्माने लादलेली होती. कनिष्ठ गाववतने १९५८ च्या कायद्याने गेली. परंतु धोक्याचे काम खालच्या पायरीवर ढकलण्याची खोड कायद्याने जात नाही. आज ॲम्ब्युलन्स हाकणारा बहुधा कंत्राटी, स्ट्रेचर ढकलणारा कंत्राटी, गाडीतली घाण धुणारा कंत्राटाखालच्या कंत्राटात. त्यांत आपल्याच शेतकऱ्यांची, बलुतेदारांची, दलितांची पोरे आहेत. २०२० च्या कोरोनात डॉक्टरास जो पोशाख मिळाला तो दाराशी थांबला. कित्येक हाकणारांनी साध्या फडक्यावर फेऱ्या केल्या. त्यांस घरमालकांनी खोल्या सोडावयास लावल्या. त्या साथीत केंद्र सरकारने आरोग्यसेवकांच्या मृत्यूस ५० लाखांचा विमा जाहीर केला, त्यात कंत्राटी माणसेही धरली, आणि साथरोगाचा १८९७ चा कायदा दुरुस्त करून सेवकांवर व त्यांच्या गाड्यांवर हल्ला करणारास पाच वर्षांपर्यंत, जबर दुखापत केल्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. हे चांगले केले, आम्ही ते चांगलेच म्हणू. परंतु तो विमा त्या साथीपुरता होता. उद्या निपाचा रोगी नेताना हाकणारा मेला तर त्याच्या बायकोने कोणाच्या दारात जावे? जाहीर करावयाचे ते साथ येण्यापूर्वी जाहीर करा. पोशाख, शिकवण, विमा आणि लस असेल तेथे लस, यांत हाकणारा आणि झाडणारा हे डॉक्टरांच्या रांगेतच उभे राहिले पाहिजेत. जो रोग्याच्या जितका जवळ, त्याचा हक्क तितका पहिला. येथे पदवी पाहावयाची नाही.

त्याच २०२० सालच्या मार्चअखेर उत्तर प्रदेशात बरेली येथे, शहरांतून घरी परतणाऱ्या मजुरांस रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशकाचे फवारे मारले, हेही लोक विसरलेले नाहीत. ते पाणी फरशीसाठी असते, माणसाच्या डोळ्यांसाठी नव्हे. त्याने अंगातला विषाणू मरत नाही. मरतो तो लोकांचा विश्वास. सव्वाशे वर्षांपूर्वीचा सोजीर गेला, पण त्याची रीत अजून कोठे कोठे नळी हातात धरून उभी आहे.

'एवढा खर्च आमच्या गावास कसा झेपेल?' असे काही कारभारी म्हणतील. यास आमचे उत्तर असे. मोठा खर्च सरकारचाच आहे आणि तो त्याच्याकडून घेतलाच पाहिजे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ पूर्ण साधनांच्या, बाकीच्या ७०४ साध्या. २०११ च्या शिरगणतीतील सव्वाअकरा कोटी माणसांस भागले तर एका गाडीमागे सुमारे १ लाख २० हजार माणसे येतात. त्या गाडीने अनेक गरीब जीव वाचविले, बाळंतिणी पोचविल्या. तिची निंदा आम्ही करीत नाही. परंतु साथ आली की सगळे एकाच दिवशी फोन करतात. तेव्हा जिल्ह्यागणिक काही गाड्या केवळ सांसर्गिक रोग्यांसाठी नेमून, त्यांवरची माणसे वर्षातून दोनदा सराव करून तयार ठेवणे हे जिल्ह्याच्या अंमलदारांचे काम आहे. गोष्ट इतकीच की गाडी येईपर्यंतचे अंतर गावासच चालावे लागते, आणि डोंगरातल्या पाड्यांस तर मैलोगणती. मेळघाटात, गडचिरोलीत, अक्कलकुव्यात रोगी अजून बांबूस झोळी बांधून दोघांच्या खांद्यावरून रस्त्यापर्यंत येतो. त्या दोन खांद्यांसाठी शहरातल्या कोणत्या पुस्तकात एक ओळ लिहिली आहे? पुढच्याने तोंड पुढे ठेवावे, मागच्याने मास्क लावावाच. रोग्याचे डोके मागच्या माणसाकडे न करता पाय मागे करावेत, म्हणजे खोकला थेट तोंडावर येत नाही. झोळीत प्लॅस्टिकचे कापड घालावे म्हणजे ओल खांद्यावर ठिबकत नाही. असल्या साध्या गोष्टी पाड्यावरच्या आशाताईस शिकविल्या तर त्यास खर्च तो किती?

आणि गावात कारागीर आहेत ते कशासाठी? आडपडद्याची चौकट सुतार करील. शिंप्याकडे चार अंगरखे, धुऊन उकळता येतील असे, शिवून ठेवता येतील. लोहार जीपच्या मागे खाट अडकविण्याचे आकडे करून देईल. वडाप चालविणारा किंवा काळी-पिवळीवाला, जो एरवीही क्षयाच्या रोग्यास न कळत रोज तालुक्यास नेतोच, त्यापैकी दोघांस आधी विचारून, भाडे ठरवून, मास्क देऊन तयार करता येईल. त्याने नाही म्हटले तर त्यास भित्रा म्हणू नये. भीती शहाणपणाची आहे. ती बंदोबस्ताने जाते, शिव्यांनी जात नाही. आणि हे काम अमक्या आळीचे, तमक्या जातीचे, असे ज्या गावात कोणी म्हणेल तेथे सभा तेथल्या तेथे थांबवून त्यास उभे करावे आणि पहिली पाळी त्याची लावावी.

येत्या ग्रामसभेत आमच्या वाचकांनी उठून इतके विचारावे. रात्री दोन वाजता असा रोगी निघाला तर पहिला फोन कोणाचा, आणि तो नंबर चावडीच्या भिंतीवर लिहिला आहे काय? कोणती गाडी, कोण हाकणार, आणि तो गावी नसल्यास दुसरा कोण? मास्क, हातमोजे, पावडर कोठे ठेवली आहे, किल्ली कोणाकडे, आणि पावडर डबा फोडून किती दिवस झाले? डबा फार दिवस उघडा राहिला असेल तर ती पावडर टाकून द्यावी आणि नवी आणवावी. जुनीत जोर उरत नाही.